आवाजाची ठेव

मनुष्याची ओळख त्याच्या चेहऱ्यावरून पटते, असे आपण सामान्यतः समजतो. नभोवाणीच्या श्रोत्याचा अनुभव मात्र काहीसा निराळा आहे. रोज ठराविक वेळी बातम्या सांगणारा एखादा आवाज त्याच्या घरातलाच होऊन बसतो. परंतु त्या आवाजाचा धनी रस्त्यात समोरून निघून गेला, तरी त्याला त्याचा पत्ता लागत नाही. आवाजावर जगणारा कलावंत हा असा अर्धा परिचित आणि अर्धा अज्ञात असतो. लोक त्याच्यावर माया करतात ती त्याला न पाहता; आणि पुष्कळदा ती माया त्याच्यावर नसतेच, तो ज्याच्यासाठी बोलतो त्याच्यावर असते.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी टोकियोतील एका रुग्णालयात नोबुयो ओयामा या अभिनेत्रीचे निधन झाले. त्यांना ९० वर्षे पूर्ण झाली होती. पुढल्या महिन्यात, ११ ऑक्टोबरला, ही वार्ता जाहीर झाली, तेव्हा जपानमधील तीन पिढ्यांना आपल्या बालपणाचा एक तुकडा हरपल्यासारखे वाटले. कारण १९७९ ते २००५ अशी सुमारे २६ वर्षे ओयामाबाई एका निळ्या मांजराचा आवाज होत्या. त्या मांजराचे नाव जपानी उच्चाराप्रमाणे दोराएमोन. आपल्याकडील मुले त्यालाच डोरेमॉन म्हणतात.

ओयामाबाईंचे चरित्र हे एका व्यवसायाचेही चरित्र आहे. जपानी भाषेत या व्यवसायातील कलावंताला 'सेइयू' म्हणतात. 'सेइ' म्हणजे आवाज आणि 'यू' म्हणजे नट. शब्द विसाव्या शतकातला असला, तरी देहापासून आवाज वेगळा काढून तो दुसऱ्याच्या मुखी घालण्याची कला जपानला फार जुनी आहे. 'बुनराकु' या बाहुल्यांच्या नाट्यात बाहुल्या नाचविणारे वेगळे आणि बोलणारा वेगळा असतो. रंगमंचाच्या एका बाजूस शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने 'तायू' बसतो. राजा, दासी, म्हातारा आणि बालक अशा सर्वांची भाषणे तो एकटा म्हणतो. प्रेक्षक त्याला पाहत असूनही काही वेळाने त्याला विसरतात, आणि बोलते ती बाहुलीच, असे त्यांना वाटू लागते. पुढे मूकचित्रपटांच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा आणि पात्रांची वाक्ये बोलणारा 'बेन्शी' आला. कित्येक प्रेक्षक चित्रपटापेक्षा बेन्शीचे नाव पाहून तिकीट काढीत. बोलपटांनी १९३० नंतरच्या दशकात बेन्शींचा धंदा बुडविला. परंतु तोवर नव्या काळाचे साधन हाताशी आलेले होते. मार्च १९२५ मध्ये टोकियोत नभोवाणीचे प्रक्षेपण सुरू झाले, त्यामागोमाग श्रुतिका आल्या, आणि १९४१ साली जपानच्या राष्ट्रीय नभोवाणीने केवळ आवाजाच्या अभिनयासाठी नट तयार करणारा प्रशिक्षणवर्ग काढला. सेइयूच्या व्यवसायाची पायाभरणी ती.

नोबुयो यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९३३ रोजी टोकियोतील शिबुया भागात झाला. त्यांचे बालपण युद्धाच्या छायेत गेले. पण त्या पुढे वारंवार सांगत, ती आठवण युद्धानंतरच्या शाळेतली आहे. त्यांचा आवाज लहानपणापासून घोगरा, जाडसर, मुलीच्या गळ्याला न शोभणारा असा होता. वर्गात तोंड उघडले की मुले हसत. शेवटी त्या मुलीने बोलणेच सोडून दिले. घरी आईच्या ध्यानात ही गोष्ट आली. आईने तिची समजूत घातली नाही, किंवा शाळेत जाऊन तक्रारही केली नाही. अंगातला दुबळा भाग दुबळा आहे म्हणून झाकून ठेवला, तर तो अधिकच दुबळा होतो. तुझा आवाज वेगळा आहे ना, मग त्याचाच जास्तीत जास्त वापर कर, असे तिने सांगितले. मुलीने ते मानले आणि शाळेतील ध्वनिक्षेपण मंडळात नाव घातले. ज्या आवाजाची तिला लाज वाटत होती, तो आता रोज साऱ्या शाळेला ऐकू जाऊ लागला. आरंभी हसणारी मुले हळूहळू हसेनाशी झाली.

त्यानंतर ओयामाबाई 'हाइयुझा' या नामांकित नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षणशाळेत दाखल झाल्या. त्यांना व्हावयाचे होते रंगभूमीवरील नटी. परंतु काळाच्या मनात दुसरेच होते. जपानमध्ये दूरचित्रवाणी १९५३ साली सुरू झाली. हे नवे यंत्र आपला व्यवसाय बुडवील या धास्तीने मोठ्या चित्रपट कंपन्यांनी १९५६ साली आपले चित्रपट दूरचित्रवाणीला देणे बंद केले. रिकामा पडलेला वेळ भरून काढण्यासाठी अमेरिकेतील मालिका आणाव्या लागल्या, आणि अमेरिकन पात्रांच्या तोंडी जपानी घालण्यासाठी माणसे हवी झाली. चित्रपटातील नट मिळत नव्हते. तेव्हा रंगभूमीवरील आणि नभोवाणीवरील तरुण नटनट्यांना पाचारण झाले. १९५७ साली 'लॅसी' या कुत्र्याच्या मालिकेपासून ओयामाबाई या कामात शिरल्या. आईने सांभाळायला लावलेला तो घोगरा गळा येथे उपयोगी पडला, कारण तो लहान मुलग्यांना नेमका शोभत असे.

येथे एका गोष्टीचा खुलासा करावयास हवा. जपानी अ‍ॅनिमेत, म्हणजे तेथील बोलक्या चित्रमालिकांत, लहान मुलाचा आवाज बहुधा प्रौढ स्त्रीचा असतो. त्याची कारणे व्यवहारातील आहेत. खऱ्या मुलग्याचा गळा तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो आणि मालिका मात्र दहा-दहा वर्षे चालते. शिवाय रात्री उशिरापर्यंत चालणारे काम मुलांकडून करून घेता येत नाही. प्रौढ स्त्रीचा गळा वर्षानुवर्षे स्थिर राहतो आणि त्यामागे अनुभवाची जाण असते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका ज्यांच्या वाडवडिलांनी पाहिल्या, त्या मराठी श्रोत्यांना ही अदलाबदल विचित्र वाटू नये.

१९६० साली राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर तीन लहान डुकरांच्या कथेवर आधारलेला 'बू फू वू' हा बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९६७ पर्यंत चालला. त्यातील थोरला भाऊ बू हा ओयामाबाईंच्या आवाजात बोले. धाकट्या वूचा आवाज होता तेत्सुको कुरोयानागी यांचा. म्हणजे पुढे जिचे 'तोत्तोचान' मराठी घराघरांत वाचले गेले, तीच ही लेखिका. तीही राष्ट्रीय नभोवाणीच्या नाट्यपथकात तयार झाली होती. खिडकीशी उभी राहणारी ती अवखळ मुलगी आणि आवाजामुळे मुकी झालेली ही मुलगी, अशा दोघी एकाच बाहुलीघरात भाऊ-भाऊ म्हणून बोलत होत्या.

त्याच दशकात, १ जानेवारी १९६३ रोजी, ओसामू तेझुका यांच्या 'अ‍ॅटम' या यंत्रबालकाची मालिका सुरू झाली आणि दर आठवड्यास अर्धा तास चित्रमालिका दाखविण्याची प्रथा जपानमध्ये रुजली. सेइयूंना स्वतःचे असे क्षेत्र मिळाले. १९६६ मध्ये ओयामाबाईंनी 'हारिसु नो काझे' या मालिकेतील कुनिमात्सु या दांडगट शाळकरी मुलाला आवाज दिला, आणि १९७७ मध्ये 'झाम्बोट ३' मधील काप्पेइ या बारा वर्षांच्या लढवय्याला. दरम्यान त्यांनी गुन्हेशोधाच्या एका लोकप्रिय मालिकेसाठी कथानकेही लिहिली. पुढे त्यांची पाककृतींची पुस्तकेही गाजली.

हे काम चालते कसे, हे पाहण्यासारखे आहे. जपानी पद्धतीत चित्र आधी आणि आवाज मागाहून असा क्रम असतो. इंग्रजीतील 'आफ्टर रेकॉर्डिंग' या शब्दांचे त्यांनी 'आफुरेको' असे सुटसुटीत रूप केले आहे. बंद खोलीत समोर पडदा, पुढे तीन-चार मायक्रोफोन आणि मागे भिंतीशी बसलेले दहा-बारा कलावंत. ज्याचे वाक्य येईल त्याने हातात संहिता घेऊन पावलाचा आवाज न करता पुढे यावयाचे, पडद्यावरील ओठ हलू लागताच बोलावयाचे, ओठ मिटताच थांबावयाचे, आणि दुसऱ्याला जागा करून देऊन मागे सरकावयाचे. संहितेचे पान उलटतानाही कागद वाजता कामा नये. पुष्कळदा चित्रे अपुरी असतात. पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात, आणि त्या रेघांत राग आहे की रडू, हे बोलणाऱ्याने ओळखावयाचे असते. आणि एवढे करून मोबदला बेताचाच. रंगभूमीवर काम न मिळालेल्यांचा हा जोडधंदा, अशीच या व्यवसायाची बरीच वर्षे गणना होत असे. १९७३ साली रास्त मोबदल्यासाठी या कलावंतांना काम बंद ठेवून टोकियोच्या रस्त्यांवर यावे लागले.

आता दोराएमोनकडे वळू. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हिरोशी फुजिमोतो यांनी डिसेंबर १९६९ मध्ये मुलांच्या मासिकांतून ही चित्रकथा सुरू केली. अभ्यासात मागे, खेळात मागे, सदा रडकुंडीला आलेला नोबिता हा एक मुलगा. त्याच्या भावी वंशजाने बाविसाव्या शतकातून त्याच्या मदतीला पाठविलेला, पोटावर अद्भुत खिसा असलेला यंत्रमार्जार म्हणजे दोराएमोन. १९७३ साली एका वाहिनीने ही कथा पडद्यावर आणली. त्या मालिकेत आधी कोसेइ तोमिता या पुरुष कलावंताने आणि नंतर मासाको नोझावा यांनी दोराएमोनला आवाज दिला. पण ती मालिका सहा महिन्यांत संपली. २ एप्रिल १९७९ रोजी दुसऱ्या वाहिनीवर नवी मालिका सुरू झाली. आरंभी सोमवार ते शनिवार रोज दहा मिनिटे असा तिचा क्रम होता. या खेपेस दोराएमोन ओयामाबाईंकडे आला. त्या वेळी त्यांचे वय ४५ वर्षांचे होते.

त्यांनी चित्रकथा वाचून काढली आणि एक गोष्ट मनाशी ठरविली. हे यंत्र मुलाला सांभाळण्यासाठी निर्माण झालेले आहे. तेव्हा ज्यांनी ते घडविले, त्यांनी त्याच्या मुखी शिवी किंवा ओंगळ शब्द घातला नसणारच. नोबितावर तो चिडेल, त्याला रागे भरेल, स्वतःही पुष्कळ चुका करील. परंतु त्याची भाषा सभ्यच राहील. 'मी दोराएमोन' असे नम्रपणे आपले नाव सांगण्याची त्याची लकब देशभर मुलांच्या तोंडी बसली. हा निर्णय संहितेत लिहिलेला नव्हता. तो आवाज देणाऱ्या व्यक्तीने घेतलेला होता. मूळ चित्रकार फुजिमोतो यांनी जेव्हा ही मालिका प्रथम पाहिली, तेव्हा दोराएमोनचा आवाज असा होता तर, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे ओयामाबाई सांगत. स्वतःच्या हाताने दहा वर्षे ज्याला रेखाटले, त्याचा आवाज त्या दिवशी त्यांना ठाऊक झाला. सेइयूला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणे कठीण आहे.

मात्र या प्रशस्तिपत्राची एक किंमत होती, आणि ती त्यांनी आपण होऊन दिली. दोराएमोन मिळाल्यावर आवाजाची इतर कामे स्वीकारणे त्यांनी जवळजवळ बंदच केले. जो आवाज मुलांना धीर देतो, तोच दुसऱ्या एखाद्या मालिकेत खोटे बोलताना किंवा कपट करताना ऐकू आला, तर मुलांचा विश्वास डळमळेल, असे त्यांना वाटे. सरकारी खजिन्यातील रक्कम खजिनदाराच्या हाती असते. पण ती त्याची नसते, आणि ती तो स्वतःच्या कामी लावू शकत नाही. ओयामाबाईंनी आपला आवाज असाच सांभाळला. गळा त्यांचा होता. पण त्यात मुलांनी ठेवलेली एक ठेव होती, आणि तिचा हिशेब त्या स्वतःशी चोख ठेवीत.

१९८० पासून दर वर्षी दोराएमोनचा एक मोठा चित्रपट निघू लागला. २००४ पर्यंत असे २५ चित्रपट झाले आणि ते सर्व ओयामाबाईंच्या आवाजात झाले. नोबिताचा आवाज नोरिको ओहारा यांचा, शिझुकाचा मिचिको नोमुरा यांचा, दांडग्या जियानचा काझुया तातेकाबे यांचा आणि फुशारकीखोर सुनेओचा कानेता किमोत्सुकी यांचा. हे पाच जण आठवड्यामागून आठवडे एकाच खोलीत उभे राहिले. १९९६ च्या सप्टेंबरात फुजिमोतो निवर्तले, आणि मूळ चित्रकाराच्या पश्चातही त्याच्या पात्रांना हे पाच आवाज बोलते ठेवीत राहिले.

पडद्यावरचा नोबिता कधीच पाचवीच्या वर्गाच्या पुढे गेला नाही. परंतु आवाज देणाऱ्यांची वये थांबत नव्हती. २००१ साली ओयामाबाईंवर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आपल्याला अचानक काही झाले, तर मुलांचे मांजर एके दिवशी एकाएकी मुके होईल, ही शंका त्यानंतर त्यांची पाठ सोडीना. शेवटी मार्च २००५ मध्ये पाचही जणांनी मिळून निवृत्ती पत्करली, आणि एप्रिलपासून वासाबी मिझुता व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आवाजात मालिका पुढे सुरू झाली. प्रेक्षकांपैकी पुष्कळांना हा बदल रुचला नाही. नवा दोराएमोन तोतया वाटतो, असे म्हणणारेही निघाले. तथापि त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा दोराएमोन मिझुताबाईंच्याच आवाजात बोलतो, आणि त्यांना तोच खरा वाटतो. मार्च २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याने दोराएमोनला अ‍ॅनिमेचा राजदूत नेमले, तेव्हा त्या राजदूताचा आवाज बदलून तीन वर्षे झाली होती. पद राहते, पदावरील माणूस बदलतो. पदभार सोडताना पदाची प्रतिष्ठा शाबूत राहिली, एवढेच जाणाऱ्याला पाहता येते. २००६ साली ओयामाबाईंनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ आहे 'मी दोराएमोन होतो'. आयुष्यभर उच्चारलेल्या वाक्याचा त्यांनी फक्त काळ बदलला होता.

भारताचा या कथेशी संबंध येतो तो याच टप्प्यावर. २००५ सालीच डोरेमॉन हिंदी रूपात आपल्याकडील दूरचित्रवाणीवर आला. आरंभी दाखविली गेली ती ओयामाबाईंच्या काळातील चित्रे होती. पण त्यांत त्यांचा आवाज नव्हता. कित्येक मराठी घरांतील मुलांनी शाळेत हिंदी शिकण्यापूर्वी या मांजराच्या तोंडची हिंदी आत्मसात केली. त्यांना भेटलेला आवाज एका भारतीय मुलीचा होता. चित्र समुद्र ओलांडते, आवाजाला मात्र बहुधा बंदरावरच उतरून राहावे लागते. ओयामाबाईंनी ठरविलेला सभ्यपणा तेवढा चित्राबरोबर थोडाफार इकडे आला असावा, असे मानण्यास हरकत नाही.

निवृत्तीनंतर, २००७ साली, ओयामाबाई ध्वनिकलेचे शिक्षण देणाऱ्या टोकियोतील एका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. २००८ मध्ये त्यांना मेंदूच्या विकाराचा झटका आला. त्यातून त्या सावरल्या. आणि त्यानंतर त्यांच्या कारकिर्दीत जे घडले, त्याची कोणी कल्पनाही केली नसती.

संगणकीय खेळांशी त्यांचे सख्य जुनेच होते. 'अर्कानॉइड' हा चेंडूने विटा फोडण्याचा खेळ १९८६ साली निघाला. त्याचे त्यांना एवढे वेड लागले की त्यांनी खेळघरातील ते यंत्रच आपल्या घरी आणून ठेवले. परंतु २०१० च्या नोव्हेंबरात निघालेल्या 'डांगानरोनपा' या खेळात त्या खेळाडू म्हणून नव्हत्या. त्यातील खलनायक त्यांच्या आवाजात बोलत होता. एका नामवंत शाळेत काही हुशार विद्यार्थी कोंडले जातात. सुटका हवी असेल त्याने एका सोबत्याचा खून करावा आणि तो पकडला जाऊ नये, असा तेथील नियम असतो. हा नियम घालून देणारा, मुलांच्या भयावर खदखदून हसणारा मुख्याध्यापक म्हणजे मोनोकुमा नावाचे, अर्धे पांढरे नि अर्धे काळे, अस्वलाचे खेळणे. त्याचा आवाज ओयामाबाईंचा होता. त्या वेळी त्यांना ७७ वर्षे पूर्ण झाली होती.

खेळासाठी आवाज देण्याची रीत मालिकेहून वेगळी आहे. तेथे सोबती नसतात. वाक्यांची यादी समोर ठेवून कलावंत एकटा बोलतो. समोरचे पात्र काय बोलले असेल आणि कोणत्या सुरात, हे त्याने मनात ऐकावयाचे असते. पाच जणांच्या खोलीत २६ वर्षे काढलेल्या ओयामाबाईंनी हे एकटेपणाचे काम केले. आणि ते करताना त्यांनी नवा, कर्कश, दुष्ट आवाज काढला नाही. त्यांनी जवळजवळ तोच जुना, गोड, घोगरा आवाज ठेवला. हा खेळ खेळणारे तरुण तो आवाज ऐकत लहानाचे मोठे झाले होते. ज्याने त्यांना धीर दिला, तोच आता निराशेचा उपदेश करीत होता, आणि त्या खलनायकाचे भय होते ते यातच. २६ वर्षे दुसऱ्या कशाला हात न लावता सांभाळलेला विश्वास त्यांनी येथे एकदाच, जाणत्या श्रोत्यांसमोर, उलटा करून दाखविला. हा पूर्वीच्या व्रताचा भंग झाला काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला एकच उत्तर संभवते. त्या व्रताचा पदभार त्यांनी पाच वर्षांपूर्वीच दुसऱ्याच्या स्वाधीन केला होता, आणि ज्यांच्यासाठी ते व्रत होते, ती मुले आता मोठी झाली होती. आता गळा पुन्हा त्यांचा होता, आणि त्या त्याच्याशी मनमुराद खेळल्या.

हे स्वातंत्र्य फार काळ टिकावयाचे नव्हते. २०१२ मध्ये त्यांना स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या विकाराचे निदान झाले. तरीही त्या वर्षी निघालेल्या पुढील खेळात आणि २०१३ च्या उन्हाळ्यात झालेल्या चित्रमालिकेत मोनोकुमा त्यांच्याच आवाजात बोलला. मे २०१५ मध्ये त्यांचे पती, अभिनेते केइसुके सागावा, यांनी पत्नीच्या आजाराची गोष्ट जाहीर केली. सागावा हे १९६१ मध्ये सुरू झालेल्या मुलांच्या कार्यक्रमात व्यायाम शिकविणारे पहिले 'दादा' म्हणून साऱ्या जपानला परिचित होते. घरातील असे दुखणे झाकून ठेवण्याची रीत जपानमध्ये काय किंवा आपल्याकडे काय, सारखीच आहे. सागावांनी ती मोडली, आणि त्याच वर्षी आपल्या शुश्रूषेची रोजनिशी प्रसिद्ध केली. 'कन्या झालेली माझी पत्नी' अशा आशयाचे तिचे नाव आहे. शब्द झाकून ठेवू नयेत, हा धडा ओयामाबाईंना आईने दिला होता. तो त्यांच्या वतीने पतीने पुन्हा एकदा पाळला, असे म्हणता येईल. २०१६ मध्ये मोनोकुमाचे कामही ताराको या अभिनेत्रीकडे गेले. जुलै २०१७ मध्ये सागावा वारले. पत्नीच्या आधी आपण जाऊ नये, ही अशा शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाची इच्छा असते; त्यांच्या बाबतीत ती पुरी झाली नाही.

ओयामाबाईंनी मागे ठेवलेला आवाज मात्र आजही जसाच्या तसा आहे. पंचवीस चित्रपट, शेकडो कथा आणि काही खेळ यांतून तो केव्हाही ऐकता येतो. आणि येथेच एक नवा प्रश्न उभा राहतो. त्यांच्या निधनाची वार्ता ज्या ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याच महिन्यात जपानमधील २६ सेइयूंनी एकत्र येऊन एक मोहीम सुरू केली. ध्वनिमुद्रणांवरून यंत्राला कलावंताचा आवाज शिकविता येतो, आणि मग जे त्याने कधी उच्चारले नाही, ते यंत्र त्याच्या आवाजात उच्चारते. आमच्या संमतीवाचून हे करू नका, अशी त्या कलावंतांची मागणी होती. १९७३ साली त्यांच्या आधीच्या पिढीने आवाजाचे दाम मागितले होते. आता प्रश्न आवाजाच्या स्वामित्वाचा आहे.

या प्रश्नाचा निर्णय कायदेपंडित यथाकाल करतील. परंतु ओयामाबाईंची कारकीर्द त्यावर पुरेसा प्रकाश टाकते. यंत्राला त्यांचा घोगरेपणा साधेल, त्यांची लकबही साधेल. दोराएमोन शिवी देणार नाही, हा निर्णय मात्र घोगरेपणात नव्हता. मुलांचा विश्वास राखण्यासाठी वर्षानुवर्षे इतर कामे नाकारणे, वेळ येताच कार्यभार दुसऱ्याकडे सोपविणे आणि तो सोपविल्यावर मोकळ्या मनाने एका दुष्ट अस्वलाचे सोंग आणणे, या गोष्टीही ध्वनिमुद्रणात सापडत नाहीत. त्या बोलणाऱ्या माणसात असतात. यंत्राला जे वाक्य द्यावे ते यंत्र बोलेल. हे वाक्य मी बोलणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार ज्याला असतो, त्याच्याच आवाजावर मुले विश्वास ठेवतात.

वर्गातील मुले हसली म्हणून एका मुलीने एकदा बोलणे सोडले होते. तिच्या आईने तिला पुन्हा बोलावयास लावले. त्यानंतर साठ वर्षे ती मुलगी कधी डुक्कर, कधी दांडगट मुलगा, कधी मांजर आणि कधी अस्वल होऊन बोलत राहिली, आणि जपानमधील कोट्यवधी मुलांना एकटे असताना सोबत मिळाली. आजही एखाद्या घरात जुनी मालिका लावली जाते. पडद्यावर ते निळे मांजर येते, नम्रपणे आपले नाव सांगते, आणि स्वयंपाकघरात काम करणारी आई क्षणभर हात थांबवून ऐकते. तिच्या लहानपणी मांजर याच आवाजात बोलत असे.